जानव्याची किल्ली

हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात सौहार्द कॉलनीचं सरकार बाबाजीराव अळणावरकरांच्या जानव्याला बांधलेलं होतं. हे अलंकारिक बोलणं नव्हे. टाकीखाली एक लोखंडी पेटी, पेटीत पाण्याचे व्हॉल्व, पेटीला पितळी कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली बाबाजीरावांच्या जानव्याला. महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, लहर लागली तर दहा दिवसांनी. अशा ठिकाणी ज्याच्या हाती व्हॉल्व तो राजा, बाकी सगळी बादलीवाली प्रजा.

राजा निवडून आलेला होता, हे मान्य करायला हवं. फार वर्षांपूर्वी. त्यानंतर निवडणूक घ्यायची राहून गेली. दर वर्षी सभा भरायची, बाबाजीराव विचारायचे, "कुणाला काही अडचण?" आणि ते इतक्या गोड आवाजात विचारायचे, की ज्याला अडचण असेल त्याला ती घरी पोचल्यावरच आठवायची. कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता यायचं आणि अ‍ॅडमिन एकच होते.

माणूस वाईट नव्हता. सगळी नोकरी हुबळीच्या रेल्वे कंट्रोलमध्ये झालेली. गाड्या आपापसांत ठरवून धावायला लागल्या तर काय होईल, या विचारानेच ज्याला घाम फुटायचा, त्याला माणसांचं काही वेगळं वाटावं असं कारण नव्हतं.

वेणूबाई या राज्याच्या पट्टराणी. पट्टराणीपणाचा फायदा एकच. नवरा आंघोळ करून निघाला की जानव्याची किल्ली करदोट्यावर आपटून किणकिणायची. ती ऐकली की त्या चहाचं आधण ठेवायच्या. संसारात दोघांमध्ये एवढा संकेत पुरे असतो.

समोरच्या खालच्या ओळीत शेवटचं घर व्यंकटेश मास्तरांचं. मास्तर धारवाडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. कुठल्या देशातल्या कुठल्या हुकूमशहाने कधी लगाम सैल केला आणि कधी आवळला, हे त्यांना आपल्या मुलाच्या वाढदिवसापेक्षा चांगलं पाठ होतं. बाबाजीराव आणि ते कॉलेजातले खोलीसोबती, एका मेसमध्ये जेवलेले. पण तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत गोड आवाजात प्रश्न आल्यावर मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "अडचण नाही, शंका आहे. निवडणूक कधी?"

बाबाजीरावांनी मास्तरांना काही म्हणजे काही केलं नाही. फक्त तांत्रिक कारणास्तव खालच्या ओळीची पाण्याची पाळी सगळ्यांत शेवटी गेली. तोवर टाकीत जे उरायचं, त्याची धार करंगळीएवढी. जाणंयेणं बंद झालं. मास्तरांची बायको मथुरा आणि वेणूबाई यांचं काही भांडण नव्हतं. पण राजदूत माघारी बोलावले की दोन्ही देशांची स्वयंपाकघरंही बंद होतात. कपडे वाळत घालताना दोन गच्च्यांवरून बोलायचं, तेवढंच.

त्या श्रावणात मथुरेने गच्चीवरून सांगितलं, "आमच्या साकेतने पुण्यात फ्लॅट बघितलाय गं. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. दिवाळीनंतर न्यायला येतो म्हणतोय."

वेणूबाईंच्या हातातला पिळा तसाच राहिला. "आणि तू जाणार?"

"माझे गुडघे बघ की. कळश्या कुणी चढवायच्या? मास्तरांनी बादली उचलली तर एक व्याख्यान होतं, निम्मं पाणी जिन्यात सांडतं."

"मी यांना सांगून बघते."

"नको बाई. आणि नुसतं पाणीच आहे होय?" मथुरेने उगाचच वाळलेला टॉवेल पुन्हा झटकला. "इथे कुणासाठी राहू? तुझ्याशी बोलायचं तर दांडीवर ओले कपडे असावे लागतात."

संध्याकाळी वेणूबाईंनी विषय काढला. "अहो, एकदा खालच्या ओळीला आधी पाणी सोडून बघा की."

"नियम आहे."

"कुणाचा?"

"कॉलनीचा."

"कॉलनी म्हणजे कोण हो?"

बाबाजीरावांनी रेडिओ मोठा केला. सरकारी उत्तर मिळालं.

मग नूलहुण्णिमे आली, म्हणजे आपली श्रावणी, जानवं बदलायचा दिवस. नेमकं त्या सकाळीच महापालिकेचं पाणी आलं. बाबाजीराव पेटी उघडून, वरच्या ओळीला सोडून, धावतपळत येऊन पाटावर बसले. गुरुजी घाईत होते. त्यांना अजून निम्मं नवनगर उरकायचं होतं. नवं जानवं गळ्यात आलं, जुनं उतरलं. दर वर्षी उतरलेल्या जानव्याची किल्ली सोडून बाबाजीराव ती नव्याला बांधायचे. या वर्षी गुरुजींचा मोबाइल वाजला, दक्षिणेची गडबड झाली आणि किल्ली तबकात, फुलांखाली राहिली.

वेणूबाई तबक उचलायला वाकल्या. त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. ठरवून त्यांनी आयुष्यात फक्त पडद्यांचं कापड घेतलं होतं, तेही दुकानदाराने बदलून दिलं होतं. हातच पुढे गेला. किल्ली मेथीदाण्यांच्या डब्यात गेली. बाबाजीरावांना मेथी कडू लागायची, त्या डब्याच्या वाटेला ते कधी जात नसत.

फुलं आणि जुनं जानवं केळीच्या पानात बांधून बाबाजीराव रिवाजाप्रमाणे स्कूटरवरून उणकल तलावावर गेले आणि सोडून आले. नारळीभात जेवले. वामकुक्षीला कुशीवर वळले आणि त्यांचा हात कमरेशी गेला. मग छातीवर. मग पाठीवर, जिथे किल्ली असण्याची काही शक्यता नव्हती.

"अगं," ते फार साध्या आवाजात म्हणाले, "निर्माल्यात काय काय होतं गं?"

"फुलं, दूर्वा, तुमचं जुनं जानवं."

"आणि?"

"आणि काय असणार?"

बाबाजीरावांनी पुन्हा स्कूटर काढली. दिवेलागणीला परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. वेणूबाईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पेटीचं पितळी कुलूप उघडंच लटकत होतं. ते दाबलं असतं तर बसलं असतं, पण मग जगात कुणालाही उघडता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फर्मान आलं: ‘नागरिकांच्या परिपक्वतेवर विश्वास ठेवून पाण्याची पेटी यापुढे उघडी ठेवण्यात येत आहे. - अध्यक्ष.’

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा उमटल्या. पण लिहायची कुणाला परवानगी नसल्यामुळे कौतुकाचा एक शब्द येईना. बाबाजीरावांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी ग्रुप सर्वांसाठी खुला केला. मोकळीक ही अशीच वाढत जाते. एक दिली की तिची तारीफ ऐकायला दुसरी द्यावी लागते.

इतक्या वर्षांनी मिळालेल्या भाषणस्वातंत्र्याचा लोकांनी पहिला उपयोग केला तो गुलाबाच्या फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवण्यासाठी. दुपारचे तीन वाजले होते. मग हात जोडलेली चित्रं आली. मग शांतता. आणि मग कोपऱ्यावरच्या अंबूताईंचा आवाज आला. त्यांना टाइप करता येत नसे, त्या बोलून पाठवायच्या. बाबाजीरावांना सगळ्या कॉलनीसारखं त्याही अण्णा म्हणायच्या.

"अण्णा, पहाटे रेडिओ जरा हळू लावा हो. माझा डोळा लागतो आणि तुमच्या बातम्या सुरू होतात. रागावू नका. आणि रागावलात तरी काय, आता पेटी उघडीच आहे."

कॉलनीने श्वास रोखला. दुसऱ्या पहाटे वेणूबाईंना जाग आली ती शांततेने. हॉलमध्ये बाबाजीराव रेडिओला कान लावून बसले होते, पोटात बाळ हलतंय का ऐकतात तसे. त्यांना बघून वेणूबाईंना इतकी माया आली, की त्या क्षणी त्या किल्ली आणून देणारच होत्या. पण गच्चीवर मथुरेचे कपडे दिसले आणि त्या थांबल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मजा झाली. पेटी उघडी, व्हॉल्व समोर, आणि हात कुणी लावेना. वयस्क मंडळी फेरी मारल्यासारखं करून येत आणि पेटीकडे देवळाकडे बघावं तसं बघून जात. शेवटी दीपश्री आली. ही धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात इंजिनिअर, तिची कंपनीची बस चुकत होती. तिने सरळ खालच्या ओळीचा व्हॉल्व फिरवला आणि निघून गेली. आकाश कोसळलं नाही. खालच्या ओळीला मनगटाएवढी धार आली. पुढच्या खेपेला लोक भांडले, त्याच्या पुढच्या खेपेला भांडायचा कंटाळा आला आणि पाळ्या आपोआप ठरल्या.

आणि एका संध्याकाळी मथुरा आणि मास्तर दारात उभे.

बाबाजीराव उठले. रागाचं मराठी संपलं होतं, लोभाचं अजून जिभेवर येत नव्हतं, म्हणून ते कानडीतच या-बसा म्हणाले, "बर्री मास्तर, कूड्री."

"कूडतेन्री," मास्तर म्हणाले आणि बसले. जुन्याच खुर्चीत.

चुरमुऱ्यांचं गिरमिट झालं, मिरची भजी झाली. बाहेर दोघं पुरुष कॉलेजच्या मेसमधल्या आमटीवर आले होते, म्हणजे तह जवळजवळ झाला होता. मास्तरांनी मध्येच स्वयंपाकघरात डोकावून वेणूबाईंना बजावलं, "वैनी, पिंपं भरून ठेवा. आम्ही साकेतचा लहानपणचा टबसुद्धा भरलाय. हे टिकत नसतं. आधी खिडकी उघडतात. मग लोक म्हणतात, वारा छान येतोय, दारही उघडा. की खिडकी बंद! पुस्तकात आहे."

"तुम्ही आधी भजी घ्या," वेणूबाई म्हणाल्या.

"आता जेवूनच जाऊ," म्हणत मथुरेने पदर खोचला, भोपळा चिरायला घेतला. फोडणीला मेथी हवी म्हणून तिने सवयीने तोच डबा काढला. तीन वर्षांत डब्यांच्या जागा बदललेल्या नव्हत्या.

"वेणू," मथुरा हळूच म्हणाली, "तू भोपळ्याला किल्ली कधीपासून घालायला लागलीस?"

वेणूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मथुरेने एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा बाहेर बसलेल्या अध्यक्षांकडे, आणि तोंडात पदर कोंबून ती जमिनीवरच बसली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग वेणूबाईही बसल्या. भोपळ्याची फोडणी जळली. बाहेरून दोघांनी विचारलं, काय झालं, तर आतून उत्तर आलं, "मिरची!"

त्या रात्री मथुरेने साकेतला फोनवर सांगितलं, पुण्याचं बघू, घाई करू नकोस.

पण मास्तरांचं पुस्तक खोटं ठरायला तयार नव्हतं. नवरात्राच्या तयारीची सभा भरली. वर्गणी ठरली, मांडव ठरला. बाबाजीरावांनी विचारलं, "कुणाला काही अडचण?" आणि दीपश्री हसत उभी राहिली.

"अडचण नाही अण्णा. पेटीचं किती छान झालंय, सगळे पाळीपाळीने बघतात. अध्यक्षपदाचंही तसंच करू या का? म्हणजे तुम्हालाही आराम."

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, कारण तिच्या बोलण्यात काही विषारी नव्हतं. पण वेणूबाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो राजाचा चेहरा नव्हता. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचा होता.

"विचार करू," बाबाजीराव गोड आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते हुबळीला दुर्गद बैलच्या बाजारात जाऊन नवं कुलूप घेऊन आले. पेटी बंद. ग्रुपमध्ये पुन्हा फक्त अ‍ॅडमिन. ‘तांत्रिक कारणास्तव.’ खालच्या ओळीची धार पुन्हा करंगळीवर आली.

मास्तर आपल्या गच्चीवर येऊन वेणूबाईंना म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" बरोबर ठरल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, आणि त्या आनंदात ते फार दुःखी दिसत होते.

दांडीवर एकही कपडा नसताना मथुरा कठड्याशी उभी राहिली. मग म्हणाली, "आज रात्री साकेतला हो म्हणून टाकते, वेणू. त्यालाही आगाऊ रक्कम भरायची आहे. किती दिवस ताटकळत ठेवू?"

वेणूबाई खाली आल्या. स्वयंपाक केला. ताट वाढलं. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. जिथे मीठ वाढतात तिथे त्यांनी मेथीच्या डब्यातली किल्ली वाढली.

बाबाजीराव पाटावर बसले, आपोशन घेतलं आणि थांबले. वेणूबाईंनी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ओरडले तर हे, ताट सरकवलं तर ते. पण बाबाजीरावांनी किल्ली उचलली, तिच्यावरचा मेथीचा दाणा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मी बुडवली नव्हती."

"नाही."

"जानव्याबरोबर गेली नव्हती?"

"नाही हो. मी घेतली. मथुरा पुण्याला चाललीय पाण्यापायी, आणि तुम्ही ऐकेनात..."

ते वेणूबाईंचं ऐकतच नव्हते. "मला वाटलं, सुरू झालं. अप्पांचं झालं तसं."

सासरे शेवटी शेवटी घरातल्या घरात वाट चुकायचे. एकदा त्यांनी मुलालाच विचारलं होतं, साहेब, हे स्टेशन कुठलं?

"उणकलला मी रोज जाऊन उभा राहायचो," बाबाजीराव म्हणाले. "म्हटलं, जो माणूस एवढी किल्ली पाण्यात टाकून विसरतो, त्याने कुणाचं पाणी अडवू नये. म्हणून ठेवली पेटी उघडी. कुणाला सांगणार? आणि मग ती पोरगी म्हणाली, आराम करा. मला वाटलं, कळलं सगळ्यांना. मग काही सुचेना, कुलूप घेऊन आलो."

वेणूबाई तिथेच खाली बसल्या. कॉलनीला मोकळीक मिळाली होती ती या माणसाच्या भीतीने, आणि गेलीही भीतीनेच. आणि ती भीती त्यांनी स्वतःच्या हाताने डब्यात घालून वर झाकण लावलं होतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "हे असं काही वाटेल, माझ्या ध्यानातच आलं नाही."

"चुकलंच." बाबाजीरावांनी डोळे पुसले, वरणभात कालवला, एक घास घेतला. "अळणी आहे. मीठ वाढ."

त्यांनी मीठ वाढलं. ते जेवले. ताकभातावर आले. मग बाबाजीरावांनी विचारलं, "मथुरावैनींच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी की पाणी?"

"दोन्ही. आणि कुणीतरी बोलायला."

"लिफ्ट माझ्या हातात नाही." त्यांनी हात धुतला, खिशातून एक नवी कोरी किल्ली काढून ताटाजवळ ठेवली. "नव्या कुलपाला दोन मिळतात. ही दुसरी कुणाकडे द्यायची ते तूच बघ. मास्तराला देऊ नको. व्हॉल्व फिरवायच्या आधी तो इतिहास सांगेल, तोवर पाणी जायचं."

वेणूबाईंनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. रस्ता ओलांडून गेल्या तेव्हा मथुरा फोन हातात घेऊन बसली होती, नंबर लावायचा होता. वेणूबाईंनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

"हे काय?"

"पेटीची. एक त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे. आधी कुठल्या ओळीला सोडायचं ते तू ठरवायचंस."

मथुरेने मूठ उघडून बघितली. "हात्तिच्या. ही घेऊन आता मी पुण्याला कशी जाऊ?"

"तेच म्हणते मी."

मथुरेने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली. मग साकेतला फोन लावला. "नाही रे, जमायचं नाही. मला इथे सरकारी काम लागलंय. पगार? पगार कसला, पाणी मिळतं."

ग्रुप पुन्हा खुला झाला नाही. पण तोवर दीपश्रीने दुसरा ग्रुप काढला होता. ग्रुप काढता येतो, हे मधल्या काळात लोकांना कळून चुकलं होतं, आणि कळलेलं परत काढून घेता येत नाही. त्यात अण्णा नव्हते, वेणूबाई होत्या. निवडणूक पुढच्या श्रावणीला घेण्याचं जाहीर झालं. ती होईलच असं कुणी म्हणत नव्हतं, पण आजवर तारीख म्हणून कधी मिळालीच नव्हती, तेव्हा लोकांनी तारखेलाच टाळ्या दिल्या. मास्तर दोन दिवस अस्वस्थ होते. "अर्धी किल्ली परत देणं पुस्तकात कुठेच नाही," असं पुटपुटत त्यांनी अखेर टबातलं पाणी जास्वंदीला ओतलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मथुरेने खालची ओळ आधी सोडली. बाबाजीराव टाकीजवळ हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि "गुडघे सांभाळून, वैनी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी वेणूबाई ओट्याशी उभ्या होत्या. न्हाणीघराचं दार उघडलं आणि ओळखीची किणकिण ऐकू आली. त्यांनी वळून बघितलं. जुनी पितळी किल्ली नव्या जानव्याला बांधलेली होती. तिचं कुलूप आता कशालाच लावलेलं नव्हतं.

"ही कशाला हो आता?"

"असू दे," बाबाजीराव म्हणाले. "आहे, एवढं हाताला लागलं की बरं वाटतं."

वेणूबाईंनी चहाचं आधण ठेवलं.